मामीच्या बाजूची शिट्टी

४ मार्च

मामांना नमस्कार आणि मामीला घट्ट मिठी,

मामा, तुम्ही दिलेली गाडी घरी येऊन आज नऊ आठवडे झाले. तोंडभर कौतुक करून झालं, आता तक्रार ऐका. तुमची गाडी शिट्टी वाजवते.

परवा फोनवर हेच सांगत होते, तर तुम्ही दोनदा ‘हो हो, छान’ म्हणालात. मग म्हणालात, फोन खरखरतोय, काय ते सविस्तर पत्रात लिही. माझा फोन अजिबात खरखरत नाही, पण मामाचा हुकूम म्हणून लिहितेय.

सत्तरपर्यंत गाडी शहाण्यासारखी चालते. सत्तर ओलांडलं की बारीक, तीक्ष्ण शिट्टी सुरू. ऐंशीला ती चढते आणि समोरून वारा असला की थरथरते. रेडिओ लावला तर दबते, पण मला रेडिओ लावून चालत नाही. तुम्हाला माझं काम माहीत आहे. दिवसाला दोन पियानो जुळवायचे, प्रत्येकात सव्वादोनशे तारा. तासभर एकच सूर कानात घुसवून मी तिथे पोचते आणि तो सूर कानातून निघता निघत नाही. काल एका शाळेच्या सभागृहात काम संपवून अवजारं भरत होते, तेवढ्यात संगीताच्या बाईंनी दोन स्वर दाबून पाहिले. म्हणाल्या, ‘वरचा भाग जरा चढलाय का हो?’ बारा वर्षांत मला कुणी असं म्हटलं नव्हतं. आणि खरंच चढला होता! पुन्हा पेटी उघडून बसले. मेल्याहून मेल्यासारखं झालं, मामा.

इथल्या गॅरेजवाल्याकडे नेली. तो म्हणाला, ‘ताई, जुनी गाडी, वाजायचीच.’ आता बोला.

तुमची,
भिंगरी

९ मार्च

भिंगरे, आशीर्वाद.

जुनी गाडी वाजायचीच म्हणणाऱ्याच्या हातात पाना दिला कुणी? त्याच्याकडे पुन्हा पाऊल टाकलंस तर मामाचं नाव सांगू नकोस.

पहिली गोष्ट, ती गाडी वाजत नाही. अकरा वर्षं मी चालवली. एक खुट्ट नाही की फुस्स नाही. अडतीस वर्षं दारं बसवण्यात गेली माझी. अजूनही नुसतं दार आपटल्याचा आवाज ऐकून कुठली बिजागरी ढिली ते सांगतो. अजूनही दर शनिवारी वर्कशॉपवाला मला बोलावतो. मी फेरी मारल्याशिवाय आणि दाराच्या आतल्या पट्टीवर खडूची टिक केल्याशिवाय तिथून गाडी गिऱ्हाइकाकडे जात नाही. तेव्हा माझ्या घरच्या गाडीला शिट्टी असती तर मला कळली नसती का? हातच्या कंकणाला आरसा कशाला!

पण तू हट्टी आहेस, आणि तो हट्ट आमच्याच घरातून आलाय. म्हणून शोधायची रीत सांगतो, ऐक.

लोकांना वाटतं वारा आत शिरतो आणि वाजतो. उलटं असतं. गाडी पळते तेव्हा बाहेरचा वारा आतली हवा ओढून घेतो. ती हवा जिथल्या फटीतून निसटते तिथे वाजते. मोठी फट घोंगावते, बारीक फट शिट्टी मारते. तुझी बारीक आहे, असलीच तर.

जुन्या वहीच्या कागदाच्या बोटभर रुंद पट्ट्या काप. दार उघड, रबरावर पट्टी ठेव, दार लाव, पट्टी ओढ. ती कुरकुरत, नाराजीने बाहेर आली पाहिजे. सुळकन आली तर तिथलं रबर दबून चपटं झालंय. असं चारही दारांना वीतभर अंतरावर कर. घाई करू नकोस.

आणि फोन करू नकोस. पत्रातच लिही, म्हणजे मला नीट विचार करता येतो.

तुझा मामा

१७ मार्च

मामा,

चार दारं, सत्तेचाळीस ठिकाणं, सत्तेचाळीस कुरकुर. एकही पट्टी सुळकन आली नाही. नवरा खिडकीतून बघून म्हणाला, ‘गाडीचा ताप मोजतेस का?’ त्याला लगेच कामाला लावलं.

रविवारी सकाळी मोकळ्या हमरस्त्यावर त्याला चालवायला बसवलं. मी मागे, हातात बागेतल्या नळीचा हातभर तुकडा. एक टोक कानाला, दुसरं टोक दाराच्या कडेकडेने फिरवत. नवऱ्याच्या मागे काहीच नाही. माझ्या दोन्ही बाजूंना काहीच नाही. मग गाडी थांबवून पुढे त्याच्या शेजारी बसले. खिडकीचा पुढचा कोपरा, जिथे बाहेर आरसा लागतो, तिथे नळी नेली आणि शिट्टी अशी कानात शिरली की मी ओरडलेच. नवऱ्याने दचकून ब्रेक दाबला. आता तो म्हणतो की पुढच्या वेळी मामांनाच बोलवा.

तर मामा, शिट्टी तुमच्या बाजूची नाही, मामीच्या बाजूची आहे. ती इतकी वर्षं तिथेच बसायची ना? तिला विचारा बरं, तिला कधी ऐकू आली का.

भिंगरी

२२ मार्च

भिंगरे,

त्या कोपऱ्यात काही नाही. चार वर्षांपूर्वी एका टेम्पोने तो आरसा उडवला, तेव्हा नवा आरसा मी स्वतः बसवला, माझ्या हाताने. बसवून फेरीसुद्धा मारली होती. नळीने आवाज इकडचा तिकडे वाटतो. नळी हे काही हत्यार नव्हे.

तुझ्या मामीला विचारायची गरज नाही. तिला गाडीतलं काय कळतं?

आता शेवटचा उपाय सांगतो. हा केल्यावर वाद उरत नाही. रंगारी वापरतात तो कागदी टेप आण, मोठी दोन रिळं. गाडीवरची एकूण एक फट बाहेरून झाकून टाक. दारांच्या कडा, पुढच्या काचेची कड, खिडक्यांच्या पट्ट्या, दोन्ही आरसे, सगळं. तुझ्यापुरतं एक दार उघडं ठेव, आत बसलीस की नवऱ्याकडून तेही बाहेरून चिकटवून घे. मग सत्तरच्या पुढे ने. शिट्टी गेली पाहिजे. गेली, की घरी येऊन एका जागचा टेप काढ, पुन्हा फेरी मार. मग दुसऱ्या जागचा. एका वेळी एकच जागा. दोन एकदम काढल्यास तर सगळं मुसळ केरात. ज्या पट्टीनंतर शिट्टी परत येईल, तोच चोर.

माणूस खोटं बोलेल, नळी खोटं बोलेल. टेप खोटं बोलत नाही. हे मी चाळीसएक पोरांना शिकवलंय.

मामा

३१ मार्च

मामा,

बसा आधी, मग वाचा.

गाडी टेपमध्ये गुंडाळली तेव्हा गल्लीतले लोक चहा टाकून बघायला आले. नवऱ्याने मला आत बसवून दार चिकटवलं आणि म्हणाला, ‘पत्ता लिहू का वर?’ पण पंच्याऐंशीला गेले आणि गाडीत इतकं शांत होतं की स्वतःचा श्वास ऐकू आला.

मग एकेक पट्टी. पुढची काच: शांत. छत: शांत. माझ्या बाजूचं दार, माझा आरसा: शांत. मामीच्या बाजूचं दार: शांत. नऊ फेऱ्या झाल्या. दहाव्या फेरीला मामीच्या बाजूच्या आरशाच्या बुडाचा टेप काढला आणि सत्तरला काटा टेकायच्या आत बाईसाहेब हजर.

आरसा काढून पाहिला. त्याच्याखाली पत्र्याला टेकणारी जी स्पंजची पट्टी असते ना, ती अर्धी फाटून आत दुमडली गेलीय. मागच्या बाजूला काडेपेटीची काडी जाईल एवढी फट आहे.

आता एक कबुली. गाडी आली त्या दिवशी मी धुवायला काढली होती. तेव्हा त्याच फटीतून राखाडी लोकरीची एक वेणी बाहेर डोकावत होती. छान घट्ट विणलेली, बोटाएवढी. मला वाटलं कचरा अडकलाय, म्हणून ओढून फेकून दिली. म्हणजे शिट्टी मीच सोडवली! ती वेणी तुम्ही घातली होती का? पण तुम्ही तर लोकर घालणारे नव्हेत, तुम्ही पट्टीच बदलली असती. मग कुणी घातली?

भिंगरी

५ एप्रिल

बाळ,

हे पत्र तुझ्या मामांचं नाही, माझं आहे. तुझं पाकीट या वेळी मी आधी उघडलं. ते अजून कपाटात साड्यांच्या खाली आहे.

वेणी मी घातली. माझ्या जुन्या स्वेटरची लोकर.

नवा आरसा लावला त्याच दिवशी मी म्हटलं, ‘अहो, वाजतंय.’ हे म्हणाले, ‘काही वाजत नाही.’ दुसऱ्या दिवशी पुन्हा म्हटलं. तर म्हणाले, ‘शिट्टी तुझ्या डोक्यात वाजतेय, अडतीस वर्षं हे काम करतोय मी.’ तिसऱ्यांदा बोलले नाही. तीन महिने तशीच बसले, मग एका दुपारी हे झोपलेले असताना लोकर वळली आणि कोंबली. दर सहा महिन्यांनी नवी करायचे. बाकी काही नाही, डोकं दुखायचं गं.

आधी वाटलं, माझ्याशीच वाद म्हणून मान्य करत नाहीत. मग लक्षात यायला लागलं. कुकरच्या शिट्ट्या झाल्या तर ह्यांना पत्ता नसतो. दारावरची घंटा ऐकू येत नाही, पण दारावर थाप मारली की लगेच उठतात. जाड आवाज येतात, बारीक येत नाहीत. तुझा फोन आला की ‘हो हो, छान’ म्हणतात आणि फोन माझ्या हातात देतात. तुझा आवाज बारीक आहे ना.

मला वाटायचं, झाकली मूठ सव्वा लाखाची. घरात मी सांभाळून घेईन. पण गेल्या महिन्यात ह्यांनी टिक केलेल्या दोन गाड्या शिट्टी वाजते म्हणून परत आल्या. वर्कशॉपवाला हे नसताना घरी आला होता. खुर्चीच्या काठावर बसून रडवेला होऊन म्हणाला, ‘काकू, त्यांना मी कसं सांगू? मी दार बसवायला त्यांच्याकडून शिकलो. पण तिसरी गाडी परत आली तर मला त्यांचं बोलावणं बंद करावं लागेल.’ बाळ, ह्यांचा सगळा आठवडा त्या शनिवारवर उभा असतो. शुक्रवारी संध्याकाळीच शर्टाला इस्त्री करतात आणि खिशात खडू ठेवतात.

मी सांगितलं तर म्हणतील, हिला काय कळतं. तू काही सांगू नकोस. लिही, की शिट्टी सापडली नाही.

मामी

१० एप्रिल

मामी,

सापडली नाही असं लिहिणं मला जमणार नाही. तुझं नाव येऊ देत नाही, एवढं मात्र सांभाळते. सोबतचं पत्र त्यांना दे. माझं आधीचंही साड्यांखालून काढून दे. रागावले तर माझ्यावर रागावू देत, मी लांब आहे.

*

मामा,

गेल्या पत्राला तुमचं उत्तर येण्याआधीच लिहितेय.

आमच्या धंद्यात एक गोष्ट सगळ्यांना माहीत असते, पण कुणी मोठ्याने म्हणत नाही. वय वाढलं की वरचे स्वर आधी जातात. माझ्या गुरुजींचे साठीत गेले. तीन वर्षं कुणी बोललं नाही. खालच्या तारा सुंदर जुळवायचे आणि वरच्या तशाच चढ्या राहायच्या. गिऱ्हाइकं हळूहळू दुसरीकडे गेली. सगळ्यांना त्यांचा मान राखायचा होता. मीही त्यातलीच. त्या गप्प बसण्याची मला आजही लाज वाटते. म्हणून तुमच्या बाबतीत गप्प बसणार नाही.

मामा, तुमच्या गाडीला चार वर्षं शिट्टी आहे, आणि तुम्हाला ती ऐकू येत नाही.

तुम्हीच म्हणता, टेप खोटं बोलत नाही. कानाच्या डॉक्टरकडे अगदी तुमचीच रीत असते. एका बंद खोलीत बसवतात, सगळे आवाज बाहेर ठेवतात, आणि एका वेळी एकच सूर सोडतात. ऐकू आला की बटण दाबायचं. दोन एकदम नाहीत. कुठली पट्टी गळते ते कागदावर दिसतं. फट सापडली की बुजवता येते, हे मी तुमच्याकडूनच शिकले.

तुमचे हात, तुमची नजर, तुमची अडतीस वर्षं कुठेच गेलेली नाहीत. फक्त वरच्या काही तारा गेल्या आहेत. रागवायचं असेल तर पोटभर रागवा, पण जाऊन या.

तुमच्याकडूनच कान घेतलेली,
भिंगरी

२ मे

मामा,

तीन आठवडे पत्र नाही. मामीला फोन केला तर ती म्हणते, ‘बरे आहेत, बागेत असतात.’ एप्रिलभर बागेत काय काम असतं?

स्पंजची नवी पट्टी आली आहे. अजून लावली नाही. तुमच्याशिवाय हात लावावासा वाटत नाही. सध्या शिट्टीसकट कामावर जाते आणि पोचल्यावर अर्धा तास गाडीतच गप्प बसून राहते.

भिंगरी

२० मे

भिंगरे,

रागावलो होतो. पहिला आठवडा तुझ्यावर. मग माझ्या टिकेच्या दोन गाड्या परत आल्याचं तुझ्या मामीने सांगितलं, तेव्हा दुसरा वर्कशॉपवाल्यावर, मला न सांगितल्याबद्दल. सगळी भेंडी उपटून पुन्हा लावली, त्यातली निम्मी मेली. तिसऱ्या आठवड्यात रागवायला माणूस उरलं नाही, तेव्हा म्हटलं, आता टेप लावून बघूच.

शनिवारी वर्कशॉपमध्ये गेलो. परत आलेल्या गाड्यांपैकी एक मागितली. तुझ्या मामीला सोबत नेली होती, तिला शेजारी बसवलं. म्हटलं, ‘तोंडाने काही बोलू नकोस. शिट्टी ऐकू आली की बोट वर कर, थांबली की खाली.’ पुलाच्या अलीकडे तिचं बोट वर गेलं. पूल गेला, पेट्रोल पंप गेला, वळण आलं, मी वेग कमी केला तेव्हा बोट खाली आलं. मला रस्त्याचा आवाज आला, इंजिनाचा आला, टायरचा आला. शिट्टी नाही. पुन्हा वेग वाढवला, पुन्हा बोट वर. पाच वेळा केलं. पाचही वेळा बोट बरोबर त्याच वेगाला वर. असा इमानदार काटा मी कुठल्या गाडीत पाहिला नाही.

सगळ्या गावच्या गाड्या तपासतो, पण माझ्या शेजारच्या सीटवर काय चाललंय ते चार वर्षं कळलं नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

घरी आल्यावर मी विचारलं, ‘लोकर तुझीच ना?’ राखाडी स्वेटर तिच्याशिवाय घरात कुणाचा आहे? हो म्हणाली. बोलण्यासारखं जे होतं ते साधं होतं आणि तेच जड जात होतं. शेवटी म्हटलं. काय म्हटलं ते तुला सांगत नाही, आमच्या दोघांतलं आहे.

डॉक्टरकडे गेलो. काचेची खोली, कानावर टोप्या, हातात बटण. अर्धा वेळ मला वाटलं त्यांचं मशीन बंद पडलंय. कागदावर रेघ नीट चालत येते आणि मग उतारावर ब्रेक फेल झाल्यासारखी खाली जाते. दोन्ही कानांना यंत्रं मिळाली आहेत. शेंगदाण्याएवढी आहेत. पहिल्या दिवशी घरात पाखरं शिरली असं वाटलं. तो नळ होता.

वर्कशॉपवाल्याला मीच जाऊन सांगितलं आणि खडू त्याच्या टेबलावर ठेवला. त्याने तो उचलून माझ्या खिशात परत घातला. म्हणाला, ‘शनिवारी या, पण काकूंना घेऊन या.’ म्हणजे आता तुझी मामीही कामाला. तिने अट घातलीय की तिचं म्हणणं पहिल्यांदाच ऐकायचं, तिसऱ्यांदा नाही.

आता माझं एक ऐक. ती पट्टी लावू नकोस. पुढच्या आठवड्यात आम्ही येतोय. मी लावीन. पण त्याआधी मला ती शिट्टी ऐकायची आहे.

तुझा मामा

३ जून

बाळ,

आम्ही सुखरूप पोचलो. तू विचारत होतीस, गाडी घेऊन आम्ही दोघंच गेलो तेव्हा काय झालं. हे तुला काही सांगायचे नाहीत, म्हणून मी लिहिते.

हे चालवायला, मी माझ्या जागी. यंत्रं दोन्ही कानांत. साठ, पासष्ट, सत्तर. सुरू झाली. मी बोट वर केलं नाही, मुद्दाम. ह्यांचाच हात स्टिअरिंगवरून उठला आणि बोट वर गेलं. तसंच धरून दोन-तीन मैल चालवत राहिले. मी म्हटलं, ‘दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवा.’ ठेवले. मग म्हणाले, ‘ही? चार वर्षं?’ मी म्हटलं, ‘लोकरीच्या आधी तीन महिने अशी. नंतर वेणी सैल पडली की अधूनमधून.’ म्हणाले, ‘फार वाईट आवाज आहे गं.’ डोळे भरले होते ह्यांचे. माझेही भरले, पण मी खिडकीबाहेर बघत होते.

मोकळ्या जागी गाडी थांबवली. आरसा काढला, फाटकी पट्टी सोलून काढली, नवी लावली. ते हात बघत राहावेत असे चालतात अजून. तीन स्क्रू, आणि झालं. पुन्हा निघालो. सत्तर, ऐंशी, पंच्याऐंशी. काहीसुद्धा नाही.

गाडी बाजूला घेऊन हे खाली उतरले. माझ्या बाजूचं दार उघडलं आणि खडू काढून उभे राहिले, पण टिक काही करेनात. म्हणाले, ‘मला तरी वाजत नाही. तुला?’

मी म्हटलं, ‘पुन्हा एक फेरी मारा, नीट ऐकून सांगते.’

निमूट बसले, फेरी मारली, परत येऊन तसेच खडू घेऊन दाराशी उभे राहिले. ‘सांग. तू सांगशील तेव्हाच टिक करतो.’

वाजत नव्हतं गं, पहिल्याच फेरीला कळलं होतं मला. पण चार वर्षांनी कुणीतरी विचारत होतं, म्हणून मी जरा वेळ लावला.

मामी